टीव्हीच्या उजव्या कडेपलीकडे

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

आजवर निदान तीसेक जणांना सांगून झालं. एकालाही पटलं नाही. एकजण तर चहा अर्धा टाकून उठून गेला, आणि चहा माझ्या घरचा होता.

पण घटना शंभर टक्के खरी आहे. ऐकीव नाही. मी स्वतः तिथे होतो. माझा हात त्या माऊसवर होता.

आणि रात्रबित्र अजिबात नव्हती. भुतांनी रात्रीच यावं असा काही कायदा नाही. चार महिन्यांपूर्वीचा रविवार, भर दुपारचे तीन, बाहेर डोळे दिपतील असं ऊन. जागा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं घर, दुसरा मजला, बाहेरची खोली.

म्हणजे हीच खोली. आत्ता जिथे बसून सांगतोय ती.

माझी बोटं हल्ली थरथरतात, म्हणून टाईप करताहेत खालच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई. चाळीस वर्षं कोर्टात काढली त्यांनी. त्यांचा नियम एकच. कानावर पडलं ते कागदावर. आपल्या मनाने गाळायचं नाही, एकदा उमटलेलं खोडायचं नाही. मी खोकलो तरी सोडत नाहीत.

(साक्षीदार खोकला.)

बघा.

ताई पलीकडच्या खुर्चीत बसून लोकर गुंडाळतेय आणि ऐकतेय. तिच्यासमोर खोटं बोलायची माझी काय बिशाद?

तर आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे तुम्ही मला अडाणी समजणार नाही. मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला. एकेचाळीस वर्षं हेच केलं. मेलेल्या सेटमध्ये जीव आणायचो. एकदा विहिरीत पडलेला टीव्ही सात दिवस उन्हात वाळवून मी चालू केला, आणि त्यावर पहिला कार्यक्रम लागला तो पोहण्याच्या शर्यतींचा!

ताई म्हणतेय, "बादलीत पडला होता. आणि रेडिओ होता."

असो. बाई, पुढे.

ताईचे यजमान, माझे दाजी, घड्याळजी होते. जाऊन अडीच वर्षं झाली. चौकात त्यांचं एवढंसं दुकान होतं, मांडी घालून बसलं की संपलं. पण शिस्त काय सांगू! टेबलावर डावीकडे एक ताटली, तिच्यात बंद पडलेली घड्याळं. उजवीकडे खाली एक खण. घड्याळ चालू झालं की ते पातळ कागदात गुंडाळायचं, खणात ठेवायचं आणि म्हणायचं, "झालं."

डावीकडे बाकी असलेलं. उजवीकडे झालेलं.

घरी जेवून उठतानासुद्धा वाटीचमचा उजवीकडे सरकवायचे. कॉम्प्युटर शिकले साठीत, तर तिथेही तोच कारभार. काढलेले फोटो पडद्यावर डाव्या बाजूला, ओळीने, ताटलीत मांडल्यासारखे.

हे उजवं-डावं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

त्या कॉम्प्युटरमध्ये बेचाळीस फोटो होते. आणि एक व्हिडिओ.

दाजींच्या आवाजाचा तेवढाच एक व्हिडिओ.

नवीन कॅमेरा बसवला त्या दिवशी त्यांनी तो करून बघितला होता. चष्मा कपाळावर, चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, आणि विचारताहेत, "दिसतोय का गं मी?" आतून स्वयंपाकघरातून ताईचा आवाज येतो, "दिसताय, दिसताय!"

बस. एवढाच.

आता गंमत अशी की ताई तेव्हा बाहेर आलीच नव्हती. हातातलं काम टाकून कोण येतं? न बघताच म्हणाली होती.

ते तिला लागून राहिलं होतं. ते गेल्यावर दोन वर्षं तिने तो व्हिडिओ उघडला नाही. आणि मग तिचे डोळे बिघडले. नजरेच्या बरोबर मधोमध डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, तोंड नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, दोन-तीन महिने. मग फक्त उजेड आणि सावली.

दवाखान्यातून आली ती मला म्हणाली, "ठिणग्या, मला ह्यांचं तोंड बघायचंय."

ठिणग्या म्हणजे मी. सातव्या वर्षी घरचा फ्यूज उडवला, तेव्हापासून.

"कॉम्प्युटरवर बोटाएवढे दिसतात ते. त्या डागात बुडून जातात. पण भिंतीवरच्या टीव्हीवर लावलंस तर कपाटाएवढे होतील ना? डागाच्या बाहेर उरतील थोडे. एकदा बघते आणि म्हणते, दिसताय. या वेळी बघून म्हणते."

मी म्हटलं, "ताई, हातचा मळ आहे माझ्या."

म्हटलं खरं...

टीव्ही दाजींनीच घेतलेला. लांबलचक, भिंतभर. कॉम्प्युटर खिडकीशी. मी पाच मीटरची एचडीएमआय केबल आणली, भिंतीच्या कडेने नेली, एक टोक इकडे खुपसलं, एक तिकडे. ताईने खुर्ची ओढून टीव्हीसमोर घेतली. केस नीट केले. हो, केस! पदर सारखा केला. जणू दाजी तिला बघणार होते.

टीव्हीवर अक्षरं आली. सिग्नल नाही.

रिमोटने एक नंबरवरून दोनवर गेलो. सिग्नल नाही. तीनवर गेलो...

आणि अख्खी भिंत निळी झाली.

"आलं का रे?" ताई.

"आलं आलं. थांब."

कॉम्प्युटरचा छोटा पडदा मी बंदच करून टाकला. दोन दोन कशाला? सगळं टीव्हीवर बघून करू. पण टीव्हीने चारी बाजूंनी चित्र दोन-दोन बोटं कापलं होतं. ही टीव्हीची जुनी खोड. कडा खातो. डावीकडची फोटोंची पहिली रांग अर्धी भिंतीत गेल्यासारखी दिसत होती.

म्हटलं, फोटो आणि व्हिडिओ सगळेच धरू आणि जरा उजवीकडे, मधोमध आणू. मग एकेक उघडू. ताईला आधी फोटो, शेवटी व्हिडिओ. असा कार्यक्रम मी मनात आखला होता.

सगळे चौकोन एकदम धरले. ओढायला लागलो.

मधोमध आले. माझा हात थांबला.

बाण थांबला नाही.

मी हाताकडे बघितलं. हात स्थिर. टीव्हीकडे बघितलं. बाण सरकतोय. हळू, अगदी हळू. घड्याळाचा तासकाटा कोणी बोटाने ढकलावा तसा.

उजवीकडे...

मी माऊस डावीकडे खेचला. खेचता येईना. आणि तेव्हा जाणवलं.

माझ्या हातावर आणखी एक हात होता.

दिसत नव्हता. पण होता. गार. वजन फारसं नाही. नुसती बोटांची टोकं टेकलेली. अशी हलकी बोटं मी आयुष्यात एकाच माणसाची बघितली आहेत. मोहरीएवढा स्क्रू उचलणाऱ्या माणसाची.

माऊस सोडावा म्हटलं तर सुटेना.

सगळे फोटो, तो व्हिडिओ, सगळा घोळका टीव्हीच्या उजव्या कडेला पोचला...

आणि कडेपलीकडे गेला.

गेला म्हणजे गेला. भिंतीत शिरल्यासारखा. मागे नुसती निळी भिंत.

आणि डाव्या कोपऱ्यात... एकच चौकोन उरला. ताईचा फोटो. एकटीचा, खिडकीत बसलेली.

डावीकडे. बाकी असलेली.

"काय झालं?" ताईने विचारलं. "काही दिसत का नाहीये मला?"

"होतंय ताई. थांब जरा."

बाण आता उजव्या कडेशी घुटमळत होता. खाली, अगदी कोपऱ्यात. आणि तिथे एक यादी उघडली. अर्धी टीव्हीत, अर्धी भिंतीत. मी उघडली नव्हती. देवाशप्पथ. यादीतलं काहीतरी आपोआप दाबलं गेलं, आणि पडद्याच्या बरोबर मधोमध एक पांढरी चौकट आली.

तीत एक प्रश्न होता. नक्की का?

खाली दोन खुणा. हो. नाही.

माझा चष्मा गळ्यात लटकत होता. तो डोळ्यांवर चढवायलाही मला हात हलवता येईना. बाण त्या दोन खुणांकडे निघाला... आणि मी नुसता बघत बसलो. एकेचाळीस वर्षं लोकांचे सेट उघडले, पाठीमागून हात घातले, तीनदा शॉक खाल्ला, पण इतका लुळा मी कधी झालो नव्हतो.

टक्.

हो.

मग आवाज आला.

चर्रर्र...

कागद चुरगळल्याचा. पातळ कागद. आणि तो कॉम्प्युटरमधून नाही आला. खिडकीशी सगळं शांत होतं. आवाज आला समोरून, टीव्हीच्या भिंतीतून.

दाजी दुरुस्त झालेलं घड्याळ गुंडाळायचे ना, तस्सा.

ताई खुर्चीत ताठ झाली. तिची मान आवाजाकडे वळली.

मी उठलो आणि केबल ओढली. सरळ मुळापासून. माझ्या हातात केबलचं टोक, लोंबतंय...

आणि टीव्ही चालूच!

निळी भिंत तशीच. बाण तसाच. आणि तो आता निघाला होता डावीकडे. ताईच्या फोटोकडे.

पोचला. फोटो धरला. ओढायला लागला.

मी ओरडलो, "दाजी! तिला नका हो नेऊ! तिचं झालेलं नाही अजून!"

फोटो मधोमध येऊन थांबला.

खोलीत एवढी शांतता की खालच्या मजल्यावर या बाईंच्या घरचा नळ ठिबकलेला ऐकू येत होता. बाई मान हलवताहेत. नळ परवाच दुरुस्त केला म्हणे. पण तेव्हा ठिबकत होता.

आणि मग त्या भिंतीतून... केबल माझ्या हातात असताना... दाजींचा आवाज आला. स्पष्ट. चष्मा कपाळावर असला की यायचा तसा.

"दिसतोय का गं मी?"



ताईने टीव्हीकडे बघितलं. त्या रिकाम्या निळ्या भिंतीकडे. आणि हसून म्हणाली, "दिसताय."

टीव्ही विझला.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने तासभर खटपट केली. बेचाळीसपैकी ताईचा तो एक फोटो सोडला तर काही नाही. व्हिडिओ नाही. मागमूस नाही. तो म्हणायला लागला, "काका, हे असं आपोआप होत नाही, कोणीतरी हाताने..." तेवढ्यात मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. तरुण माणसं. त्यांना या गोष्टी कळायच्या नाहीत.

तेव्हापासून मी त्या कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. आज बाई बसल्यात त्यावर, तरी मी चार हात लांब आहे. टीव्हीची उजवी कड दिसली की मी तोंड फिरवतो. कधीकधी जेवताना बघतो तर वाटी उजवीकडे सरकलेली असते. मी सरकवलेली नसते.

दाजींनी त्यांचं सगळं का नेलं? आपलं आपण आवरून घ्यायचं होतं त्यांना? कोणाला विचारणार?

मी फक्त एवढंच सांगतो. खरं आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू.

बाई, द्या पूर्णविराम.

"बाई, थांबू नका," ताई म्हणाली. "झालं का रे तुझं?"

"झालं."

"मग आता मी बोलते. चार महिने तू ही गोष्ट सांगतोयस. पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा नुसता बाण हलला होता. पुढच्या आठवड्यात गार हात आला. मग केबल निघाली. मी अडवलं नाही. त्या दिवशी तू जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडत होतास. म्हटलं, असं सांगून याला बरं वाटत असेल तर वाटू दे. पण आज तू ह्यांच्या तोंडी बोलणं घातलंस."

"अगं ताई, खरंच आवाज..."

"नाही आला. डोळे गेलेत माझे ठिणग्या, कान नाही. त्या आवाजासाठीच मी केस विंचरून बसले होते. आला असता तर मला कळला नसता? आणि मी 'दिसताय' म्हटलं नाही. मला म्हणायचं होतं. राहून गेलं."

(साक्षीदार गप्प.)

"बाई, ते नका हो लिहू."

"भाऊ, मी गाळत नाही."

"तुझ्या गोष्टीत कागदाचा आवाज तेवढा खरा आहे," ताई म्हणाली. "तो मी ओळखते. दर शनिवारी हे कॉम्प्युटरमधला कचऱ्याचा डबा रिकामा करायचे, तेव्हा तोच यायचा. आणि डबा ह्यांनी ठेवलेला खाली, उजव्या कोपऱ्यात. दुकानातला खण असायचा तिथे. टीव्हीने कड खाल्ली, तुला डबा दिसलाच नाही. ओढत नेलंस आणि सगळं त्यात टाकलंस. माझा एक फोटो तेवढा हातातून सुटला. हे मला तेव्हाच समजलं. चूक कोणाच्याही हातून होते रे."

"ताई..."

"डब्यातलं परत काढता येतं. हे कितीदा काढायचे. तेवढ्यावर, डबा रिकामा न करता, थांबला असतास तरी मला दिसले असते. म्हणून एकच विचारते, मग तू तुझी गोष्ट खुशाल सांग सगळ्यांना. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का? चष्मा गळ्यात होता तुझ्या. न वाचता 'हो' कोणी दाबलं?"

(साक्षीदार गप्प.)